उपाशी ठेवायची बशी

भावोजी,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ताईचं काही राहिलंय का गं तुझ्याकडे?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

ऑपरेशनआधी तिने सही करून गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेला दिला होता. "तुझ्या तरी उपयोगी पडू दे मेली," म्हणाली. ताई गेली, पण तिच्या अंडाशयातल्या त्या कर्करोगाच्या पेशी आमच्याकडे काचेच्या बशांत अजून जिवंत आहेत. त्यातल्या काही मूळ पेशींसारख्या चिवट असतात. औषधाला दाद देत नाहीत, पुन्हा गाठ धरतात. वाढीचं प्रथिन मिळालं की त्या फोफावतात. ते बंद केलं तर काय होतं, हे मला बघायचं होतं. एका बशीला द्यायचं, दुसरीला नाही.

बशांवर नाव नसतं, नंबर असतो. ताईचा मला पाठ आहे. शेवटी तिला घोटभर पाणी जात नव्हतं, तरी मला विचारायची, "जेवलीस का?" मी दुसऱ्या बशीतही थेंब सोडला.

दोन्ही सारख्याच वाढल्या. सर चक्रावले. मी चूक कबूल केली, कारण सांगितलं नाही. ह्या पेशींनीच तिला खाल्लं, हे मला कळतं हो. पण तिचं म्हणून एवढंच जिवंत आहे.

आता शेवटच्या दोन बशा उरल्यात. सोमवारी एक उपाशी ठेवणार आहे, नक्की. प्रयोग संपला की दोन्ही टाकून द्यायच्या असतात.

त्यानंतर पुन्हा विचारा, भावोजी. तेव्हा माझं "नाही" खरं असेल.

तुमची धाकटी मेहुणी