मोग फर्लाँगने जहाज उजवीकडून वळवलं त्याबद्दल

किलमोर,
गुरुवार, ११ एप्रिल १८७८

कप्तान वॉल्टर रॉसिटर, परीक्षक, डब्लिन, यांस

प्रिय भावजी,

मंगळवार दिनांक ९ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही मोग फर्लाँगला कप्तानकीच्या परीक्षेत नापास केलंत. ही वेळ तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातली आहे. मोगच्या खिशातल्या घड्याळात तेव्हा अकरा सतरा झाले होते, आणि ते घड्याळ मी स्वतः रविवारी दुपारी सूर्यावरून लावून दिलं होतं. किलमोर आणि डब्लिनच्या रेखांशातला फरक धरला तर तुमचं घड्याळ आठ मिनिटं मागे आहे. ज्या खोलीत गरीब माणसांना घड्याळावरून रेखांश काढायला लावतात त्या खोलीतलं घड्याळ आठ मिनिटं मागे! असो. ही तक्रार वेगळी आहे, तिच्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

आता रीतीप्रमाणे विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, कांद्याचा रस आणि मध, आणि नवऱ्याशी कमी बोलणं. माझी प्रकृती उत्तम आहे (राग आला की मला नेहमीच बरं वाटतं). ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस असल्यामुळे पाच आठवडे हेरिंग मासा खाते आहे, त्यामुळे या पत्राला थोडा खारटपणा आला असेल तर तो माशाचा समजावा. मी नौकानयनाची शिकवणी बंद केली तेव्हा तुम्ही भेट म्हणून पाठवलेलं वायुभारमापक दिवाणखान्यात टांगलेलं आहे. गेली दोन वर्षं ते रोज पाऊस सांगतं. आपल्याकडे पाऊसही रोजचाच, त्यामुळे ते बहुतेक वेळा बरोबर ठरतं, आणि हुशारीचा हाच प्रकार पुढे माणसाला परीक्षक करतो असं मला वाटू लागलं आहे.

मोगला तुम्ही ओळखता. तुमच्याच गल्लीत वाढलेला, वय सेहेचाळीस, बावीस वर्षं दुसऱ्या कप्तानांच्या हाताखाली दुय्यम म्हणून राबलेला. त्यातले निम्मे कप्तान त्याच्या जिवावर घरी परत आले आणि उरलेल्या निम्म्यांना ते कळलंही नाही. आता सिनॉट शेटजींच्या 'ब्रिजेट'चा म्हातारा कप्तान घरी बसला. शेटजी मोगला म्हणाले, "तीस एप्रिलच्या आत दाखला आणून दाखव आणि जहाज घे." एक मेला ब्रिजेट काळ्या समुद्राकडे मका आणायला निघणार. दाखला नसेल तर लिव्हरपूलहून कोणी सव्वीस वर्षांचा पोरगा कप्तान म्हणून येईल, आणि मोग त्याच्या हाताखाली. यापुढे मोगला दुसरं जहाज कोणी देणार नाही, भावजी. हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही लेखी कळवलं आहे.

म्हणून मी बंद केलेली शिकवणी एका विद्यार्थ्यासाठी पुन्हा उघडली. माझ्या डोळ्यांना आता कोष्टकांतले आकडे मुंग्यांसारखे दिसतात, तरी अकरा आठवडे आम्ही रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. (त्या टेबलाची तुम्हाला आठवण असेलच. दोनदा नापास झाल्यावर तुम्हीही त्याच टेबलाशी बसला होता. बटाटे मांडून मी तुम्हाला समुद्रावर वाट देण्याचे नियम शिकवले, आणि वादळात सापडलेलं जहाज तुम्ही मीठ लावून खाल्लंत.) मोगने एकही जहाज खाल्लं नाही. लेखी परीक्षेत त्याची सगळी गणितं बरोबर आली. तुमच्या कारकुनाने त्याच्या कागदाकडे बघून "सुरेख!" म्हटलं. बिचारा कारकून, त्याला वाटलं माणूस पास होणार.

मग तोंडी परीक्षा. तुम्ही टेबलावर लाकडी खेळण्यातली जहाजं मांडलीत. पट्टी ठेवलीत आणि म्हणालात हा धक्का. शाईची दौत ठेवलीत आणि म्हणालात हा दीपस्तंभ. एक जहाज पट्टीला लावून म्हणालात, "हे तुमचं. आत्ता दोर सोडलेत. समुद्राकडे निघायचंय. उजवीकडून आगबोट आत येतेय. काय कराल?" डावीकडची वाट मोकळी होती. वीतभर वळण घेतलं की जहाज बाहेर. शाळेतल्या पोराला जमेल असा प्रश्न, आणि तो तुम्ही मोगच्या भल्यासाठीच सोपा काढलात हे मी मान्य करते. (बघा, मी किती न्यायी आहे.)

मोगने आगबोट जाऊ दिली. मग जहाज उजवीकडे घेतलं, सावकाश, पूर्ण गोल, आगबोटीच्या मागून, पट्टीच्या टोकाला वळसा घालून, आणि शेवटी तुमचा दीपस्तंभ पाडला. शाई हजेरीच्या वहीवर गेली, तिथून तुमच्या बाहीवर.

तुम्ही विचारलंत, "डावीकडची वाट दिसली नाही?"

"दिसली, साहेब."

"मग उजवीकडून का गेलात?"

"निघताना तसंच वळतात, साहेब."

"कुठे वळतात?"

डब्लिनच्या कारकुनासमोर मोग काय सांगणार? की आमच्या गावात धक्का सोडल्यावर पहिलं वळण सूर्याच्या चालीनेच, म्हणजे उजवीकडून, घेतात? की डावीकडून वळून निघालेल्या बोटीतल्या माणसांची नावं चर्चमध्ये बुडालेल्यांच्या भिंतीवर लिहिलेली आहेत असं सगळे मानतात? त्याच्या बापाने तसंच वळवलं, आजोबाने तसंच. तुमच्या बापाने आणि आजोबानेही. मोगला वाटलं, साहेब किलमोरचे, त्यांना सांगायला कशाला हवं? साहेबांना वाटलं, कारकून ऐकतोय, आपण किलमोरचे आहोत हे कशाला दाखवायला हवं? आणि साहेबांनी शाईने भिजलेल्या वहीत कोरडी जागा शोधून 'नापास' लिहिलं. वर सुनावलं की नौकानयनात नापास झालेल्याला सहा महिने परत बसता येत नाही, म्हणजे तेवढ्यात त्याला समुद्राचा अनुभव मिळेल. बावीस वर्षं समुद्रावर काढलेल्याला आणखी सहा महिने अनुभव! तुमच्या नियमांचं पुस्तक लिहिणारा माणूस कधी भिजला होता का हो?

माझ्याविषयी गैरसमज नको. मी कॉन्व्हेंटात शिकलेली बाई आहे. सूर्य फिरत नाही, पृथ्वी फिरते, हे मदर इग्नेशियसनी मला बाराव्या वर्षी मोठा गोल फिरवून दाखवलं, आणि तो गोल त्या डावीकडे फिरवत असत, तरी कोणी बुडालं नाही. जहाजावर शीळ घालू नये, डुकराचं नाव काढू नये, पहिलं वळण अमुक बाजूने घ्यावं, या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आले. माझ्या नवऱ्यालाही हसले, म्हणजे तुमच्या भावाला. तो बिचारा म्हणायचा, "स्टेशिया, तू हस, पण मी वळेपर्यंत धक्क्यावर थांब." मी थांबायची. थंडी वाजत असली तरी. तेव्हा अंधश्रद्धेची वकिली करायला मी बसलेली नाही. मी एवढंच म्हणते की मोगने आगबोटीला वाट दिली, कोणाला धडकला नाही, जहाज बाहेर काढलं, आणि जो दीपस्तंभ पडला तो तुम्ही झाकण न लावता ठेवला होता.

हे सगळं मला मोगने आपण होऊन सांगितलं असं समजू नका. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने तो परत आला आणि सरळ घरी न जाता माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. तीन कप चहा आणि सोड्याचा अर्धा पाव संपेपर्यंत तो फक्त आगगाडीविषयी बोलत होता. मग म्हणाला, "साहेबांची चूक नाही, बाई. दौत मीच पाडली." मी तुमच्याविषयी दोन शब्द बोलले (ते इथे लिहीत नाही, उपासाचे दिवस आहेत), तर मलाच थांबवून म्हणाला, "वॉल्टर साहेबांना त्रास झाला हो." आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली. नापास लिहून झाल्यावर तुम्ही खेळणी पेटीत भरायला घेतलीत. आगबोट टाकलीत, पट्टी टाकलीत. मोगचं जहाज उचललंत, आणि पेटीत ठेवण्याआधी, भावजी, तुम्ही ते हवेतल्या हवेत उजवीकडून एक पूर्ण वळण देऊन ठेवलंत. कारकून टीपकागद शोधत होता, त्याने पाहिलं नाही. मोगने पाहिलं. मी विचारलं, "मग तिथल्या तिथे बोलला का नाहीस?" तर म्हणाला, "मोठा माणूस आहे, बाई. चार माणसांत कसं बोलायचं?"

त्याच्या जागी मी असते तर चार काय, चाळीस माणसांत बोलले असते. पण मला कप्तान व्हायचं नाही.

तुमच्या कडकपणाची मला कल्पना आहे. आपल्या गावच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून तुम्ही गावच्या माणसाला दुप्पट ताठ बसवता. ही सचोटी आहे असं तुम्हाला वाटतं. तुमच्या भावाने याला वेगळं नाव दिलं असतं, पण तो तुमच्यावर फार माया करायचा म्हणून कदाचित दिलंही नसतं. मी मायेच्या बाबतीत तितकी उदार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला गरम मीठ.

तुमची वहिनी,
अनास्तासिया रॉसिटर

ता. क. मागे मी लिहिलं की अशा समजुतींना मी आयुष्यभर हसत आले. ते खरं आहे. पण सोमवारी सकाळी मोग गाडीत चढताना मी त्याला खिडकीतून म्हटलं, "बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, पहिलं वळण मात्र सूर्याबरोबर घे." का म्हटलं, मला माहीत नाही. तोंडातून गेलं. मदर इग्नेशियसना कळवू नये. वहीत कोणाचं नाव नापास म्हणून राहायलाच हवं असेल तर 'शिकवणारी' असं लिहून माझं लिहा. मला जहाज मिळायचं नाही, आणि तीस वर्षं शिकवून एकदा नापास होणं काही वाईट नाही.

ता. क. दुसरा. गेल्या हिवाळ्यात वॉटरफर्डच्या एका माणसाला तुम्ही पुन्हा बोलावलं होतं, कारण तुमच्या शेकोटीच्या धुराने त्याला खोकला येत होता आणि उत्तरं ऐकू आली नाहीत. म्हणजे सहा महिन्यांचा नियम धुराला लागू नाही. मग सांडलेल्या शाईला तो का असावा? ईस्टरनंतरच्या आठवड्यात मोगला बोलवा. कोणतीही सवलत नको. फक्त जहाज धक्क्याला लावू नका, भर समुद्रात ठेवा. भर समुद्रात तो तुम्ही म्हणाल तिकडे वळेल, डावीकडे, उजवीकडे, उलटा. आणि दौतीला झाकण लावा.

ता. क. तिसरा. हे पत्र त्याच्याविषयी आहे हे मोगला ठाऊक नाही. टपालात टाकायला तोच नेतो आहे. यात गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय लिहिलाय असं मी त्याला सांगितलं आहे, आणि वर एका ओळीत तो लिहिलेलाही आहे, म्हणजे मी खोटं बोललेले नाही. उत्तर लेखी हवं. बुधवार, सतरा एप्रिलच्या दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. 'बघतो', 'विचार करतो', 'वहिनी, तुम्ही समजून घ्या' यांतलं काहीही उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. मला फक्त दिवस आणि तास कळवा. न कळवलात तर गुरुवारच्या पहिल्या गाडीने मी स्वतः येते आणि ईस्टर होईपर्यंत तुमच्या घरी राहते. जाऊबाईंना आत्ताच सांगू नका. त्यांना फार आनंद होईल, आणि मग तुम्ही उत्तर पाठवलंत तर त्या तुमच्यावर रागावतील.