पहिल्या टोपलीतलं मीठ

बा, त्या अमावास्येच्या सकाळी मी हौदाचं बूच ओढलं तेव्हा खाडीला भरती होती, आणि ते मला ठाऊक होतं.

तुला माझं काम मी कधी नीट सांगितलंच नाही. ठाण्याच्या गिरणीत दिव्यांसाठी ग्यास करायचे. टिटवाळ्याकडची लाकडं लोखंडी भट्टीत कोंडून, पुरता वारा न देता धुमसवायची. निघालेला ग्यास आधी हौदातल्या पाण्यातून आणि मग काथ्याच्या थरांतून न्यायचा, म्हणजे त्यातलं डांबर मागे राहतं. ते मागे राहिलेलं उपसणारा मी. काथ्या पिळताना कोपरापर्यंत काळा, चिकट ओघळ येई, जळकट आणि आंबूस. नखांत तो असा मुरे की भाताच्या घासालाही तोच वास. देवापुढे दिवा लावायला मी हात पुढे करतो आणि मागे घेतो, अजूनही. हौदातलं घाण पाणी ओहोटी लागल्यावरच खाडीत सोडायचं असा नियम होता. "दोन घटका कळ काढ," मुकादम म्हणाला. मला त्या वासातून लवकर सुटायचं होतं. तो वळताच मी बूच ओढलं. त्याच वेळी माजिवड्याला तू मिठागराची उघाडी, बांधातली ती फळी, वर करून भरतीचं पाणी आत घेत होतास.

पुढे मीठ पिकलं. पहिली टोपली चाखायची नाही, तशीच गावदेवीपुढे ठेवायची, मग घरोघर मूठमूठ प्रसाद. तो मान तुझा. त्या दुपारी घराघरांतल्या कालवणाला धुराचा वास आला. शेजारचा म्हातारा दारात येऊन ओरडला, "काय रं, देवीला मीठ दिलंस का चिलमीची राख?" लोक हसले. तू माझ्याकडे वळलास. "पोरा, तुमच्या कारखान्याचं तं नाय ना काय?"

"नाय, बा."

"मंग माजंच काय तरी चुकलं."

दुसऱ्या वर्षी टोपली तू दुसऱ्याच्या डोक्यावर दिलीस. त्यानंतर देवळाची पायरी कधी चढला नाहीस, खालूनच हात जोडायचास. मी शेजारी उभा असायचो, धुतलेल्या हातांनी. डांबराची किळस मला आहेच, पण त्या हातांची जास्त येते.

आता मीच मुकादम आहे. हौदाची मोरी मी चुन्याने बुजवली, डांबर भट्टीतच जाळतो. तेवढ्याने भागलं असं बरीच वर्षं मानलं.

तू गेल्यावर हे पत्र कुठे धाडणार? तुला अक्षर येत नव्हतं, आणि मला शाळेत तूच घातलंस. एक सांगायचं राहिलं. ते कालवण मी त्या दुपारी पहिल्या घासालाच ओळखलं होतं. तू विचारलंस ते त्यानंतर.

काल पहिल्या टोपलीला सगळा गाव देवळात होता. मी उभा राहून हे सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला, "आता सांगतंस? तुजा बापूस पायरीखालीच गेला ना रं."

मी हो म्हणालो, आणि पायरी उतरून तुझ्या जागी उभा राहिलो.