पंख्याजवळचा लाल दोरा

॥ श्री ॥
असोदा, १० एप्रिल २०२५

चि. सौ. ज्योत्स्नास मोठ्या भावाचे भरभरून आशीर्वाद.

आबा, तुझी वहिनी, केळी, सगळे खुशाल. फोनवर तू घाईत सांगतेस आणि मी फोन ठेवताच विसरतो, म्हणून हे पत्र.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी येशील, तोवर तुझी रिमोटची नाव शर्यतीला तयार हवी. गेल्या वर्षी ती शेततळ्याच्या मधोमध अडली आणि फैजपूरचा आपला चुलतभाऊ प्रेमराज स्वतःची नाव पुढे काढून वर विचारत होता, की ताईची नाव ओढायला बैलजोडी पाठवू का. आबांनी तर बजावलंय, यंदा अडली तर ते खेळणं भंगारात जाईल.

तू सांगितलंस तसंच केलं. लवचीक तारेचा शाफ्ट पुसला, ग्रीस लावून पितळी नळीत सरकवला, मोटारीशी घट्ट आवळला. बोटाने फिरवला तर पंखा लोण्यासारखा फिरतो. मग हळदकुंकू वाहिलं, पूजेचा लाल दोरा बांधला आणि नाव गुरांच्या हौदात सोडली. हळू चालवली की शहाणी; जोर दिला की कण्हते, मोटार तापते. हिचं काय दुखतंय, देव जाणे.

लोभ आहेच, तो तळ्यात बुडू देऊ नकोस.
तुझा ज्ञानेश्वरभाऊ

धुळे, १६ एप्रिल

ती. स्व. भाऊस ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, मेहुण्यांनी नावेला ताप आणला. भाऊ, खरं सांग, दोरा कुठे बांधलास? पंखा आणि त्याच्या पुढचा आधार यांच्यात दोन नाण्यांएवढी फट ठेवायला सांगितली होती, तिथेच ना? तुला रिकामी जागा बघवतच नाही. केळीच्या दोन ओळींतही तू मूग पेरतोस.

जोर आला की त्या तारेला पीळ बसतो, ती आखडते आणि पंख्याला पुढे ओढते. ती फट त्यासाठी असते. मध्ये दोरा आला की पंखा त्यावर दाबला जातो आणि सगळंच जाम होतं. गेल्या वर्षी ती फट मीच ठेवली नव्हती, म्हणून माझं हसू झालं. दोरा कापू नकोस, देवाचा आहे, सोडव. आणि आबांनाही जरा सैल कर.

माया असू दे, गाठ तेवढी दुसरीकडे.
तुझी ज्योत्स्ना

असोदा, २१ एप्रिल

चि. सौ. ज्योत्स्नास आशीर्वाद.

तिथेच होता. गाठ सोडवायला वहिनीने सुई दिली. दोरा देवघरात ठेवला आणि नाव हौदात सोडली, तर अशी सुटली की म्हैस पाणी न पिताच परत फिरली. आबा ओट्यावरून बघत होते. तू ये, वहिनी सांजोऱ्यांच्या तयारीला लागली आहे.
भाऊ

असोदा, ५ मे

चि. सौ. ज्योत्स्नास घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

शर्यतीचं मी तुला काय सांगणार? पण तुझे डोळे नावेवर होते, तुला मागचं दिसलं नाही, ते सांगतो. आबा उन्हात तुझ्या पाठीशीच उभे होते. नाव गेल्या वर्षीच्या जागी आली, तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले. पोरांचा ओरडा झाला, तरी उघडेनात. शेवटी प्रेमराजनेच त्यांना हलवलं आणि म्हणाला, काका, उघडा आता, मी हरलो. तर त्याच्यावरच डाफरले, की डोळ्यात कचरा गेला होता.

काल भंगारवाला आला. आबांनी त्याला हाक मारून थांबवलं, नाव बाहेर आणली, पंख्याजवळची फट दाखवली, ती का ठेवायची तेही समजावलं आणि पुन्हा आत नेऊन ठेवली. तो बिचारा वजनाचा ताजवा हातात धरून उभा.

धुळ्याला पोचल्यावर तुझ्या पिशवीच्या बंदाला लाल दोरा दिसला असेल. तो मी बांधलेला नाही. देवघरातून कुणी उचलला, तेही मी विचारलं नाही. राहू दे. तिथे तो कशाच्याही आड येत नाही.

अशीच ओढ ठेव.
तुझा भाऊ