दाजींनी टिचकी मारलेली गाठ

कडाव,
कार्तिक सुरू, भात कापून शेतात पडलेलं.

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा योगेंद्र याचा कमरेत वाकून नमस्कार. नमस्कार इथेच भरपूर घालून ठेवतो, कारण पुढे तो आठवेल याची मला खात्री नाही. आपली तब्येत ठीक असेल. गुडघा बरा असेल. खोपोलीचं फरशीचं दुकान, नवा माल, विनिताताईचं ब्लडप्रेशर, सगळं जागच्या जागी असेल. आमच्याकडे आई बरी आहे, मी बरा आहे, समीक्षाही बरी आहे. (समीक्षा म्हणजे माझी बायको. तुम्ही लग्नापासून तिला सुप्रिया म्हणता. जावयाला दुरुस्त कसं करायचं म्हणून तीही ‘ओ’ देते.)

एवढ्या जवळ राहून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. दाजी, फोनवर मला तुमच्यावर रागावता येत नाही. चार वेळा ठरवून फोन लावला. तुम्ही पलीकडून “बोला योगेंद्रराव” म्हणालात की माझ्या तोंडून आपोआप “काही नाही दाजी, सहज” एवढंच निघतं. मग तुम्ही पावसाचं विचारता, मी सांगतो, आणि फोन ठेवून मी अंगणातल्या बादलीला लाथ मारतो. बादली फुटली. म्हणून हा कागद घेतला आहे. कागदाला जावयाचा मान वगैरे काही ठाऊक नसतो.

आता आठवा. अधिक महिन्यात तुम्ही धोंड्याच्या जेवणाला आलात. आईने पाट मांडला, तुमचे पाय धुतले (धुतले मी, तिने वरून पाणी ओतलं), अनारशांचं वाण दिलं. जेवण झाल्यावर तुम्ही ओटीवर सुपारी कातरत बसलात आणि हवालदार येऊन तुमच्या पायाशी आडवा झाला. हवालदार म्हणजे आमचा कुत्रा. तुम्हाला सांगायला नको, पण ताई हे पत्र शेजारणीला वाचून दाखवणार, तिचा गैरसमज नको. फार्महाऊसवाल्यांनी बंगला विकून जाताना मागे टाकलेला, चपट्या तोंडाचा बॉक्सर. रस्त्यावरची प्रत्येक गाडी अडवतो म्हणून हे नाव पडलं. आईने त्याला भाकरी घातली त्या दिवसापासून तो आईचा झाला, आणि आई आमची थोडी कमी झाली.

तर समीक्षा तेव्हा म्हणाली की याच्या बरगडीवर एक गाठ दिसतेय, डॉक्टरला दाखवावी का? हरभऱ्याएवढी होती. विचारलं होतं मला. पण हात पुढे केलात तुम्ही. गाठ चिमटीत धरलीत, दोनदा चोळलीत, मग कान खाली नेऊन तिच्यावर टिचकी मारलीत आणि म्हणालात, “चरबी आहे. काही करू नका.” दाजी, फरशी भरीव आहे की पोकळ हे टिचकीच्या आवाजावरून कळतं, हे मला मान्य आहे. आमच्या मोरीची फरशी तुमच्याच दुकानची, आणि ती उखडली तेव्हाही भरीवच निघाली. पण कुत्र्यावर टिचकी मारून आवाज ऐकणारा माणूस मी उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही.

मी म्हणालो, डॉक्टरला दाखवू तरी. तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाढायचं ताट उचलून आत गेलो. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आणि नारायणाने चरबी म्हटल्यावर जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे नारायणाचा दुसऱ्याकडून फेरतपास करून घेण्यासारखं झालं. ते आमच्या घरात कसं व्हावं?

त्याच संध्याकाळी गाठ सुपारीएवढी सुजली, लाल झाली, आणि हवालदार पाय वर करकरून ती खाजवू लागला. तुम्हाला कळवलं, तर तुम्ही म्हणालात चरबी हलली असेल. पुढच्या आठवड्यात ती आपोआप बसली. आई म्हणाली, “बघ, जावयबापू बोलले तसंच झालं.” मग शेजारचा पोशा आला. त्याच्या मते आत गोचीड रुतून बसली होती, म्हणून त्याने चिमट्याने ओढून पाहिलं. गाठ पुन्हा टम्म फुगली आणि पुन्हा ओसरली. पोशा अजून सांगत फिरतो की गोचीड त्यानेच आतल्या आत मारली. मग गोदाकाकीने हळद-चुन्याचा लेप दिला. गाठ बसली, श्रेय चुन्याला. पुन्हा वर आली, दोष आमच्या पथ्याला. (कुत्र्याला पथ्य! मटणाचं हाड पाहिलं की काकी ओरडायची.) ओटीवर टेकलेला प्रत्येक माणूस आधी ती गाठ दाबायचा, मग चहा प्यायचा. दूधवाल्याने दाबली. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनी नवरामुलासकट दाबली. आणि दाबून झालं की प्रत्येक जण म्हणायचा, “दाजी काय बोलले? चरबी ना? मग झालं.” तुमचं निदान कडावच्या नाक्यापर्यंत पोचलं होतं, दाजी. तुमचा माल इतका कधी खपला नसेल.

भाताला लोंब्या आल्या तेव्हा हवालदार ओकू लागला. जेवेना. त्याची शी काळी होऊ लागली. गाठ आता लिंबाएवढी, वरची कातडी फाटलेली. गाड्या त्याच्यासमोरून निघून जायच्या आणि तो नुसती मान वर करायचा. तेव्हा मी आईला खोटंच सांगितलं की सरकारी लस आली आहे, आणि त्याला गावातल्या चांगोच्या टेंपोत घालून कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी मला हात धुवायला लावले आणि विचारलं की ही गाठ कुणी दाबत होतं का. मी नावं सांगायला लागलो, तर म्हणाल्या, राहू द्या. त्यांनी बारीक सुई टोचली, आतलं थेंबभर काचेवर घेतलं, रंगवलं आणि दुर्बिणीखाली पाहिलं. म्हणाल्या, मास्ट सेल ट्यूमर. कुत्र्यांच्या कातडीचा हा कॅन्सर नेहमी दिसणारा आहे, आणि या चपट्या तोंडाच्या जातीत तर जास्तच. कातडीतल्या या पेशी एरवी ॲलर्जीच्या वेळी कामाला येतात, त्यांच्यात औषधासारखं काहीतरी भरलेलं असतं. गाठ दाबली, चोळली, टिचकी मारली की ते बाहेर पडतं आणि सूज, लाली, खाज सुरू होते. मग ओसरतं आणि गाठ बसल्यासारखी वाटते. म्हणजे तुमची चरबी, पोशाची गोचीड आणि काकीचा चुना, या सगळ्यांना ती गाठच वर-खाली होऊन आळीपाळीने पास करत होती. तेच पोटात गेलं की आम्ल वाढतं आणि आतड्याला जखमा होतात, म्हणून ओकारी, म्हणून काळी शी. “गाठ वरून चरबीसारखीच दिसते,” बाई म्हणाल्या, “म्हणून तर सुई घालायची. हाताने कुणालाच कळत नाही. मलाही नाही.” दाजी, हे वाक्य मी तुमच्या दुकानात पाटीवर लिहून लावणार आहे.

उपाय आहे. आधी खाजेची आणि पोटाची औषधं, ती सुरू केली आहेत, ओकारी थांबली आहे. मग ऑपरेशन. नुसती गाठ नाही, तिच्याभोवतीची दोन बोटं चांगली कातडी आणि खालचा एक थरही काढायचा, कारण मुळं दिसत नाहीत. काढलेलं तपासायला पाठवायचं. गाठ साध्या प्रतीची निघाली आणि कडा स्वच्छ असल्या तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. वाईट प्रतीची निघाली तर पुढे औषधं. आजूबाजूला हाताला काही लागत नाही, म्हणजे अजून पसरलं नसावं. पण आता थांबू नका म्हणाल्या. बरगडीवर कातडी सैल आहे, आज टाके बसतील, आणखी वाढली तर बसणार नाहीत. शुक्रवार ठरला आहे.

आणि आई नाही म्हणते. मी सगळं समजावलं, सुईचं सांगितलं, काचेचं सांगितलं. तिचं एकच. “जावयबापू बोलले चरबी हाय, तं चरबी हाय. त्यांच्या शब्दावर सुरी चालवू काय? माझ्या लेकीला काय वाटंल? तू नको शानपन शिकवू रं.” दाजी, ही बाई तलाठ्याला ऐकत नाही. रस्त्याच्या ठेकेदाराला तिने बांधावरून पिटाळलं होतं. माझं तर ती मी जन्मल्यापासून ऐकत नाही. आणि तुमच्या एका टिचकीपुढे ती हात जोडून उभी आहे. मला याचा संताप येतो. तुमचा येतो, तिचा येतो, पाटाचा येतो, त्या अनारशांचा येतो. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर “मला ठाऊक नाही” एवढं म्हणायला काय झालं होतं? पाटावर बसलेल्या माणसाला हे तीन शब्द म्हणता येत नाहीत का? भात पेरून कापून झालं, एवढा वेळ ते जनावर अंगावर कॅन्सर घेऊन तुमच्या पायाशी, माझ्या पायाशी, सगळ्यांच्या पायाशी पडून राहिलं आणि आम्ही तुमचा मान सांभाळत बसलो. तो मेला तर मी या घरात पुन्हा पाट मांडणार नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लहान तोंडी फार बोललो, पण त्यातला एकही शब्द खोडलेला नाही.

आपला,
योगेंद्र

ता. क. – तुम्ही गुरुवारी या. आईसमोर तुमच्याच तोंडाने सांगा की ही चरबी नाही, ऑपरेशन करा. चूक कबूल करायचीही गरज नाही. तेव्हा चरबीच होती, नंतर बदलली, असं म्हणा. नक्षत्र बदललं म्हणा. मी मान डोलवेन. नारायणाचा शब्द नारायणानेच मागे घ्यावा लागतो, आमच्यापैकी कुणाला तो अधिकार नाही.

ता. क. दुसरा – समीक्षाने पत्र वाचलं आणि मला बिनडोक म्हणाली. तिचं म्हणणं, आईला सगळं पहिल्यापासून कळलंय. गोळ्या आईच तुपातल्या भाकरीत लपवून घालते. लेप तिनेच पुसून काढला, आणि आता कुणाला गाठीला हात लावू देत नाही. काल ती हवालदारापाशी बसून समीक्षाला विचारत होती, “जावयबापूंचा फोन नाय ना आला? दुसरं काय बोलले नाय ना? मंग अजून चरबीच हाय.” आमच्या वडिलांचं, अण्णांचं, पोट ऑपरेशनला उघडलं आणि आठवड्यात ते गेले, तेव्हापासून कापलं की पसरतं हे तिच्या मनात पक्कं बसलंय. अण्णांना ऑपरेशनला मीच नेलं होतं, म्हणून माझ्या तोंडून तो शब्द तिला ऐकवत नाही. ती तुमचा मान सांभाळत नव्हती, दाजी. तुमचा शब्द धरून बसली होती, कारण तेवढाच एक चांगला शब्द तिच्याकडे होता. मला हे कळायला हवं होतं, मी बादल्या फोडत बसलो. तेव्हा नक्षत्र वगैरे काही सांगू नका. तिच्याजवळ बसा आणि सांगा की कापल्याने हे पसरत नाही, ठेवल्याने पसरतं. डॉक्टरीणबाईंनी मला तसंच सांगितलं आहे.

ता. क. तिसरा – हे पत्र खोपोलीला न्यायला चांगो टेंपो घेऊन दारात उभा आहे. आईने पाहिलं. काय लिहिलंस ते विचारलं नाही. नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी तुमच्यासाठी टेंपोत ठेवली आणि म्हणाली, “त्यांना बोलव. पन जेवायला नाय म्हनावं. हवालदारासाठी या.” मग आत जाऊन तिने पाट धुवायला काढला. तेव्हा या. पाय मी धुईन. समीक्षाला समीक्षा म्हणा. आणि दाजी, गाठीला हात लावू नका.