मालश्रीची परवानगी

बाई,

आज सकाळी एका विद्वानाने मला फोनवरून मालश्री शिकवली. चहाचं आधण ठेवून मी फोन घेतला, आणि चहा उतू गेला तरी तो गृहस्थ बोलतच होता. दादरच्या एका छोट्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी अनवट रागांची बैठक आहे, तिथे मी मालश्री गावी असं त्याच्या मंडळींनी ठरवलंय. इथवर मी खूश होते. हल्ली मालश्री म्हटलं की लोक मालकंस का म्हणून विचारतात. या मंडळींना निदान नाव तरी ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "मॅडम, एक विनंती. नुसत्या सा, ग, प वर राग होत नाही, शास्त्राप्रमाणे पाच सूर तरी लागतात. थोडा तीव्र मध्यम, थोडा निषाद घ्याल का? म्हणजे लोकांना कंटाळा येणार नाही." बेलार्ड पियरच्या कचेरीत मी साहेबांना त्यांच्याच इंग्रजीत गप्प केलंय, हा तर मराठीत बोलत होता. कंटाळा लोकांना येणार आहे की तुम्हाला, ते आधी ठरवा, म्हटलं. तीन सुरांत गाईन, नाहीतर घरी बसेन. तो घाईघाईने बरं बरं म्हणाला. फोन ठेवला आणि सांडलेला चहा पुसताना लक्षात आलं की मी कबूल करून बसले खरी, पण मालश्री चारचौघांत गायची परवानगी मला आहे कुठे? ती तुमच्याकडे होती आणि तुम्ही ती बरोबर घेऊन गेलात.

तुमची ती गिरगावातली दोन खोल्यांची जागा. पुढे चाळीची गॅलरी आणि मागच्या खिडकीतून दिसणारा खोताच्या वाडीतल्या घराचा लाकडी जिना. मी शाळेतून थेट यायची, युनिफॉर्मचा टाय सोडत सोडत, आणि तुम्ही विळीवर खोबरं खवत बसलेल्या असायच्या. शिकवणी स्वयंपाकघरातच. बाहेरच्या खोलीत तुमचे सासरे झोपलेले असत आणि गाण्याने त्यांची झोप मोडली की ते गाण्यालाच नावं ठेवत. बाकीच्या मुलींना भूप आणि यमन मिळाला होता. मला तुम्ही म्हणालात, "तुला एक वेगळी वस्तू देते. माझ्या गुरुजींनी मला दिलेली. तीनच सूर आहेत तिच्यात." मी फुगले. मग तुम्ही सा, गंधार, पंचम लावून दाखवलेत आणि मला हसू फुटलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रोज प्रार्थनेआधी पियानोवर आमचे गळे याच सुरांवर घासून घेत. फक्त नावं विलायती: डो, मी, सो, मी, डो. मी ते ताठ उभं राहून, स्वच्छ, ठणठणीत म्हणून दाखवलं. बक्षीसच मिळायचं बाकी होतं.

तुमचा हात विळीवर चाललेलाच होता. "जिना चढतेस काय गो?" तुम्ही विचारलंत. "एकेका पायरीवर पाय आपटत?" मग समजावलंत. पंचमाकडून गंधाराकडे यायचं तर वाटेत मध्यमाचं घर लागणारच. गिरगावातून चालताना दर दोन दारांआड ओळखीचं माणूस भेटतं, तसं. त्याच्या दारावरून जायचं, उडी मारून नाही आणि चहाला थांबूनही नाही. ते मला कळलं, पण गळ्याला कळेना. चार आलापांतच मला उपाशी असल्यासारखं होई आणि निषाद मागावासा वाटे. तुम्ही ते ओळखलंत. "चौथा सूर हवासा वाटतो तोवर मालश्री घरात. तो वाटेनासा झाला की मी सांगेन, मग खुशाल चारचौघांत गा." हा तुमचा कायदा.

त्यातच तो शेजारी. खोताच्या वाडीतला, बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारा म्हातारा. हरताळ आणि मोर्च्यांचे दिवस, लग्नाच्या वराती बंद, म्हणून तो आपल्या जिन्यावर बसून ओठांची सवय मोडू नये म्हणून तेच तीन सूर फुंकत असे. मी चिडून खिडकी लावायला उठले, तुम्ही लावू दिली नाहीत. तुम्ही त्याचाच सा धरलात आणि तिथून मालश्री सुरू केलीत. कॉर्नेट थांबलं. तुमचं होईपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग खिडकीकडे मान वर करून म्हणाला, "बाय, या तीन सुरांवर मी लोकांना लग्नाला न्हेतो आनि मौतीला पन न्हेतो. तू कुटं न्हेते?"

"मी कुठेच नेत नाही हो," तुम्ही म्हणालात. "बसवून ठेवते."

आणि मग तुम्ही स्वतःच मोर्च्याला गेलात. सासऱ्यांना औषध देऊन, पदर खोचून, चाळीतल्या बायकांबरोबर. परत आलात त्या बिनआवाजाच्या. ज्या बाईने आम्हाला कधी मोठ्याने हाक मारली नाही, तिने मुंबईसाठी आपला गळा फोडून घेतला होता. कुजबुजत तुम्ही तक्रार काय केलीत, तर सगळ्याजणी वेगवेगळ्या पट्टीत ओरडत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी मी येते तर रस्ता सुनसान, दुकानं बंद, कोपऱ्यावर पोलीस. आदल्या दिवशी कुठे कुठे गोळीबार झाला ते मोठी माणसं आमच्यादेखत बोलत नव्हती. घरी न सांगता आले म्हणून तुम्ही डोळ्यांनीच रागावता आणि बोटाने बस म्हणता. गाऊन दाखवायला गळा नाही, म्हणून तंबोरा मांडीवर घेता आणि नुसत्या तारा छेडत राहता. मी तोंड उघडलं की मान हलवून गप्प करता. रस्त्यावर ना घोडागाडी, ना फेरीवाला. खूप वेळाने खर्जाच्या तारेतून मला गंधार ऐकू येतो. आधी वाटतं भास आहे. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. पण तो असतो तिथे, षड्जाच्या पोटात, पंचमाला टेकून. तंबोरा आधीपासून मालश्रीच गात असतो. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही हसून भुवई उंचावलीत, आणि मी त्या आवाजात अलगद माझा आवाज सोडला. त्या संध्याकाळी मला भूक लागली नाही. तीन सूर पुरले, वर उरले.

मला वाटलं, झालं. तुम्ही खोल गेलेल्या आवाजात म्हणालात, "आज रस्त्याने मदत केली. ट्राम सुरू झाल्यावर बघू."

ट्राम सुरू झाली. पुढे राज्यही झालं, मुंबई मिळाली, चाळीत पेढे वाटले, माझी परवानगी तेवढी राहिली. मी दर महिन्याला विचारायची आणि तुम्ही दर महिन्याला म्हणायच्या, अजून तुझ्या गळ्यातून भूक ऐकू येते. मग तुमचं ते आजारपण, आणि परळच्या हॉस्पिटलात तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा मी परीक्षेत होते. याचा मला अजून राग आहे. दुःखाचं मी बघून घेतलं, राग तसाच आहे. इतका कडक कायदा करायचा आणि निकाल न देता निघून जायचं, याला काय म्हणावं?

असो. आता मी हिंदमाताजवळ राहते. खाली साड्यांच्या दुकानांत दिवसभर गर्दी, हॉर्न, सेलचे भोंगे. तुमचा तो सुनसान रस्ता मिळायची आशा नाही. तरी दिवेलागणीला खिडक्या लावून मी बसते. तंबोरा आता डबीएवढ्या यंत्रात येतो, तुम्ही पाहिला असता तर झाकण उघडून आत कोण बसलंय ते शोधलं असतंत. त्यातूनही गंधार ऐकू येतो, हे कबूल करायला हवं. आज बसले ती त्या विद्वानाला मनातल्या मनात झापत. राग छान जमत होता, मध्यमाच्या दारावरून मी न थांबता जात होते, आणि तार षड्जाच्या अलीकडे, कसा कोण जाणे, निषाद लागला. निसटता, पण लागला. मी यंत्र बंद केलं, पाणी प्यायले, विद्वानाला पुन्हा एकदा नावं ठेवली.

मग यंत्र लावून तो मुद्दाम परत लावून पाहिला. फार गोड लागला, बाई.

तेव्हा या पत्राला पत्ता नाही हे बरंच आहे. तुम्ही वाचलं असतंत तर परवानगी पुढच्या महिन्यावर ढकलली असतीत, आणि मला शनिवारी गायचंय. तीनच सुरांत.