प्रेसला नवा वेग

मंगळवार, सांजेला

जलद केलं म्हणे! कुणी मागितलं होतं जलद? शेठच्या भाच्यानं, त्या सागरनं, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचा प्रोग्राम काल रात्री पुन्हा चढवला. आता मशीन लई झपाट्यानं चालतंय, शेठ खूश.

रोज काम सुरू करायच्या आधी मी वाळकी काडी साच्यात घालून बघते. मशीनला आत काडी नायतर हात दिसला की वरचा ठोकळा थांबतो. आज थांबला नाय. काडी कचकन तुटली.

सागरला बोलावलं. म्हणतो, "मावशी, मी लिहिलेलं अक्षरसुद्धा बदललं नाही. ते मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरची फक्त सेटिंग वाढवली. त्याला जे काम फुकटचं वाटतं ते तो गाळतो, म्हणून वेग येतो."

"मग हात बघायचं कामच गाळलं का रं मेल्या?"

मग म्हणाला, "असू शकतं."

असू शकतं! शेठ म्हणतो, नीट होईस्तोवर हात जपून घाला. जपून म्हणजे कसा? आत्ता भाकरी थापताना बी बोटंच बघत होते. ती काडी माझ्या करंगळीएवढी तर होती.

उद्या त्याच मशीनवर माझ्या जोडीची मंगल बसणार. फोन केला तर हसली, "ताई, तू लई भित्री." ती कधी काडी घालून बघत बी नाय. आज रात्री माझा डोळा लागतोय का कुणास ठाऊक.

मी तर सागरला सांगून आले, मशीनला शिवणार नाय. हात बघायचं काम प्रोग्रामात उरलंय का नाय, शुक्रवारी परत माझी पाळी, त्याच्या आत सांग. असू शकतं नको. व्हय का नाय, तेवढं सांग.