जनतेसाठी सहा खुर्च्या

३ मार्च, मंगळवार
पोलिसांच्या वेबसाइटवर नोटीस लागली. कॉन्स्टेबल रोझालिंड मेह्यू, गंभीर गैरवर्तन. सुनावणी २४ तारखेला, सकाळी दहा, मुख्यालय. जनतेला प्रवेश, खुर्च्या सहा. रोझी माझी मुलगी असली तरी जनता मीही आहेच. जाणार. तिला आधार वाटेल.

आरोप किरकोळ. कामाच्या कॉम्प्युटरवर एका पांढऱ्या व्हॅनचा मालक शोधला, खासगी कारणासाठी, म्हणे.

४ मार्च
व्हॅनचा नंबर तिला मीच दिला, हे इथे लिहायला हरकत नाही. महिनाभर माझ्याच घरासमोर उभी! नुसत्या पार्किंगसाठी रोझीने काही केलं नसतं, म्हणून व्हॅन कुंपणाच्या भिंतीला धडकून पळाली असं सांगितलं. अगदीच खोटं नव्हे. धडकू शकली असती.

तिच्याकडून नाव कळलं तशी काचेवर चिठ्ठी लावली. ‘प्रिय मिस्टर ग्रिबल, कृपया आपली व्हॅन...’ खाली ‘एक रहिवासी’. अतिशय सभ्य चिठ्ठी. ग्रिबलने थेट पोलिसांत तक्रार केली, की या रहिवाशाला माझं नाव कळलंच कसं? नाव नसतं घातलं तर बरं होतं. पण नुसतं ‘प्रिय सर’ फार कोरडं वाटतं.

९ मार्च
जावई आला, कॉलम. चहा नको म्हणाला. व्हॅन धडकल्याची तुमची तक्रार रोझीला खरी वाटली होती, एवढं तुम्ही लिहून द्या म्हणाला. वकिलांच्या मते त्यावर नोकरी वाचेल, नाहीतर अकरा वर्षं पाण्यात. शुक्रवारपर्यंत हवं. ती स्वतः तुमचं नाव मेली तरी घेणार नाही, असंही म्हणाला. पोरगी माझ्यावर गेली आहे. अवश्य देतो म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार
विचारांती, कागदापेक्षा प्रत्यक्ष हजेरीला वजन जास्त. सुनावणीसाठी ईमेलने नाव नोंदवलं. हजर राहण्याचं कारण: सार्वजनिक हित. कॉलमला द्यायचं निवेदन राहिलं. गुडघा दुखतोय.

१६ मार्च
प्रवेश मंजूर! फोटो ओळखपत्र आणणे. रेकॉर्डिंग नाही, बोलणं नाही, मध्येच बाहेर गेल्यास सुट्टी होईपर्यंत आत सोडणार नाहीत. उत्तम व्यवस्था. कॉलमचे चार फोन येऊन गेले, उचलायचे राहिले.

२० मार्च
रोझीचा फोन. म्हणाली, डॅड, नुसतं बसायला येणार असाल तर येऊ नका. आवाज बसलेला. निवेदनाचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

ठरलं. ऐन वेळी उभा राहून सगळं सांगणार. आरशासमोर दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा मलाच भरून आलं.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.२०
रांगेत पहिला. मागे वर्तमानपत्राचा एक बातमीदार आणि मिस्टर ग्रिबल. ग्रिबल दिसायला बरा माणूस. पार्किंगला त्रास झाला का, असं त्याने मला विचारलं. नाही म्हटलं.

११.१५, सुट्टी
मी पहिल्या रांगेत. रोझी साध्या कपड्यांत, लहान दिसते. माझ्याकडे एकदाच पाहिलं. वकील म्हणाले, तिच्याकडे खरी तक्रार आली होती. समोरचे म्हणाले, मग तक्रारदार कुठे आहे? सँडविच खाल्लं नाही. सुट्टीनंतर नक्की.

दुपारी १२.४०, बाहेरचा बाक
सगळं जसंच्या तसं लिहितो.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, कॉन्स्टेबल मेह्यू, शेवटचं विचारते, धडकेची तक्रार कुणी केली? रोझी हळूच माझ्याकडे वळली आणि नजर हलवेना. मला भीती वाटली, एवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी हात वर गेला. खांद्यापर्यंत नक्की. सगळे बघायला लागले, ग्रिबलसुद्धा. दारावरच्या बाई वाकून कानात म्हणाल्या, टॉयलेटला जायचंय का?

हो म्हणालो.

त्या मला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. फार अदबशीर. आता नियमाप्रमाणे आत सोडत नाहीत.

३.१०
मधे सुट्टी झालीच नाही; बातमीदाराकडून कळलं. बडतर्फ. यापुढे कुठल्याच पोलीस दलात घेणार नाहीत. अध्यक्षबाई म्हणाल्या म्हणे, तक्रारदार पुढे आला असता तर निकाल वेगळा लागला असता. मी आत असतो तर हे ऐकून नक्कीच उठलो असतो.

२५ मार्च, बुधवार
संध्याकाळी रोझीचा फोन. चिडली नव्हती. म्हणाली, डॅड, तुम्ही हात वर केलात ना, तेव्हा एक क्षण मला वाटलं, आलेच माझे डॅड. काय सांगणार होतात?

म्हटलं, काही नाही गं, टॉयलेटला जायचं होतं.